येडशीच्या वाटेवरची धाव

तुळजापूरच्या देवळापासून धाराशिव वीस-बावीस किलोमीटरवर आहे आणि तिथून येडशी आणखी सुमारे वीस. सगळा रस्ता बालाघाटच्या पठारावरून जातो. मॅरेथॉनचे ठरलेले अंतर ४२.१९५ किलोमीटर. तुळजापूर ते येडशी ही वाट जवळजवळ तेवढीच भरते. नवरात्राच्या तोंडावर ज्योत घेऊन गावाकडे निघालेली मुले हीच वाट धावत पार करतात. या भागातल्या लांब पल्ल्याच्या धावण्याचा विचार इथूनच सुरू करणे योग्य, कारण शर्यती भरू लागण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या रस्त्यांना धावणारे पाय ओळखीचे आहेत.

ज्योत नेण्याची रीत साधी आहे. घटस्थापनेच्या आधी गावातल्या मंडळाची पंधरा-वीस मुले टेम्पो किंवा पिकअप करून तुळजापूर गाठतात, भवानीचे दर्शन घेतात, मशाल पेटवतात आणि परत फिरतात. मशाल एकाच्या हातात, दुसऱ्याकडे तेलाचा डबा, बाकीचे गाडीत. पुढचा दमला की मागचा उडी टाकून उतरतो, चालू धावेतच मशाल घेतो आणि दमलेला गाडीच्या फाळक्याला धरून वर चढतो. काही जण अनवाणीच धावतात. तो नवसाचा भाग असतो. रात्रभर रस्त्यावर मशालींची रांग दिसते. एक मंडळ बीडकडे, एक लातूरकडे, एक बार्शीकडे. ‘आई राजा उदो उदो’चा गजर चालू असतो आणि प्रत्येक गाडीवर कर्णा असतो. वेशीवर बायका पाण्याचे तांबे आणि औक्षणाचे ताट घेऊन उभ्या असतात. या धावेत घड्याळ लावलेले नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो. नियम एकच, मशाल विझू द्यायची नाही. क्रीडाशास्त्राच्या भाषेत ही रिले शर्यत झाली. पण रिलेच्या संघात चार-सहा निवडक खेळाडू असतात आणि इथे मंडळात नाव असलेला कोणीही धावतो. ज्याला दोनशे मीटर जमतात तो दोनशे धावतो, ज्याला दोन किलोमीटर जमतात तो दोन. आपण किती धावू शकतो हे अनेकांना पहिल्यांदा या रात्री कळते.

येडशी हे या वाटेवरचे चौकाचे गाव. सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि बार्शी–लातूर रस्ता इथे एकमेकांना छेदतात. गावाला रेल्वे आहे आणि तीही जुनी. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी अरुंद गाडी १८९७ साली बार्शीपर्यंत धावू लागली आणि १९११ साली ती लातूरपर्यंत पोहोचली. त्या गाडीचा वेग असा की चढावर तिच्याबरोबरीने पळता येई, असे जुनी माणसे सांगतात. २००७-०८ च्या सुमारास हा मार्ग रुंद झाला. त्या वेळी जुन्या मार्गापासून बाजूला राहिलेले जिल्ह्याचे ठिकाण धाराशिव प्रथमच रेल्वेवर आले. येडशी मात्र दोन्ही काळांत रेल्वेवर राहिली. बाहेरून धावायला येणाऱ्याला त्यामुळे येडशी सोयीची पडते. रात्रीच्या गाडीने किंवा एसटीने उतरावे, चौकात चहा घ्यावा आणि उजाडायच्या आत रस्त्याला लागावे.

इथे धावायचे रस्ते तीन प्रकारचे आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. महामार्ग चौपदरी झाला आहे. तो सपाट आणि गुळगुळीत आहे, पण धावणाऱ्यासाठी नाही. कडेची जुनी झाडे रुंदीकरणात गेली आणि सावली उरली नाही. मालट्रक जवळून गेला की वाऱ्याचा झोत अंगावर येतो आणि पुढच्या दहा-वीस पावलांची लय बिघडते. बार्शी–लातूर रस्त्यावर वाहने तुलनेने कमी, पण ऊसतोडीच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर ओळीने चालतात. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना ऊस हातभर बाहेर आलेला असतो आणि अंधारात तो दिसत नाही. नोव्हेंबर ते मार्च हे गाळपाचे दिवस आणि धावायला योग्य असे थंडीचे दिवसही नेमके हेच. म्हणून रस्त्याच्या उजव्या बाजूने, समोरून येणारे वाहन डोळ्यांना दिसेल असेच धावले पाहिजे. हा नियम इथल्या पोरांना शिकवावा लागत नाही.

तिसरा प्रकार गावरस्त्यांचा, आणि खरी धाव त्यांच्यावरच घडते. एका गाडीपुरते डांबर, दोन्ही बाजूंना मुरुमाच्या साइडपट्ट्या, त्यापलीकडे तूर, हरभरा, ज्वारी. डांबराचा मधला भाग उंच आणि कडा उतरत्या असतात. एकाच कडेने पाच-सहा किलोमीटर धावले की एक पाय सतत खालच्या पातळीवर पडतो, आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला ठणका लागतो. म्हणून अनुभवी धावपटू मोकळ्या रस्त्यावर मधून धावतो आणि गाडीचा आवाज आला की मुरुमावर उतरतो. मुरूम पायाला डांबरापेक्षा मऊ लागतो. पावसाळ्यात मात्र साइडपट्टीपलीकडे पाऊल टाकायची सोय नाही. काळ्या मातीचा चिखल बुटाला असा चिकटतो की प्रत्येक पायाला अर्धा किलो वजन बांधल्यासारखे होते.

या रस्त्यांवर अंतर दगडांवरून मोजतात. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा, राज्य मार्गाचा हिरवा, ग्रामीण रस्त्याचा नारिंगी. दोन दगडांमध्ये किलोमीटर मानायचा आणि मोबाइलवर वेळ पाहायची. सरळ रस्त्याची एक अडचण नव्या माणसाला जाणवते. पुढचे लिंबाचे झाड किंवा देवळाचा कळस फार लांबून दिसू लागतो आणि बराच वेळ धावूनही जवळ येत नाही. शहरात वळणे, दुकाने, सिग्नल यांत मन गुंतते. इथे मनाला गुंतायला काही नसते, आपला श्वास तेवढा ऐकू येतो. मधूनच उस्मानाबादी शेळ्यांचा कळप आडवा येतो. काळ्या कुळकुळीत, लोंबत्या कानांच्या या शेळ्या धावणाऱ्याला घाबरत नाहीत आणि वाटही देत नाहीत. थांबावे लागते. वस्तीवरच्या कुत्र्यांपुढे पळणे थांबवून चालत जाणे हाच उपाय.

पहाटे या रस्त्यांवर सर्वांत जास्त दिसतात ती भरतीची मुले-मुली. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. पन्नासपैकी वीस गुण या एका धावेला आहेत, उरलेले शंभर मीटर आणि गोळाफेकीला. राज्य राखीव पोलीस दलासाठी हीच धाव पाच किलोमीटरची होते. सैन्यभरतीतही १६०० मीटर असतातच. एकेक सेकंद गुणांत मोजला जातो आणि गुणांवर नोकरी ठरते. त्यामुळे मराठवाड्यातल्या कुठल्याही गावाबाहेर डांबरावर चुन्याने किंवा ऑइलपेंटने ओढलेली रेघ आणि तिच्यापाशी लिहिलेला ‘१६००’ हा आकडा सापडतो. दोन-तीन गावांची मुले तिथे जमतात. एक जण वेळ लावतो, बाकीचे पळतात. पायात बहुतेकांच्या स्वस्तातले बूट, अंगठ्यापाशी फाटलेले आणि दोऱ्याने शिवलेले. मुली बहुधा चौघी-पाच जणी मिळूनच येतात आणि कुणाचा तरी भाऊ मोटारसायकल घेऊन मागे असतो. कोरडवाहू शेती, त्यातही वाटण्या झालेल्या, आणि पाऊस भरवशाचा नाही. अशा भागात धावणे हा छंद नसून पोटापाण्याचा मार्ग आहे. शहरातल्या धावपटूंबद्दल लिहिताना आरोग्य, वजन, ताणमुक्ती हे शब्द येतात. इथे येतो तो कटऑफ.

छोट्या गावची मॅरेथॉन या सगळ्यांवर उभी राहते. तालुक्याच्या ठिकाणी ती बहुधा प्रजासत्ताक दिनाच्या आसपास, १२ जानेवारीला किंवा एखाद्या संस्थेच्या वर्धापनदिनी भरते. अंतर तीन, पाच, दहा किलोमीटर, क्वचित एकवीस. मैदानात टेबल मांडलेले असते. वहीत नाव लिहून घेतात आणि छातीवर लावायचा नंबर, चार टाचण्यांसह, हातात देतात. टाचण्या दोनच मिळाल्या तर कागद वाऱ्याने फडफडतो, म्हणून जुने खेळाडू स्वतःच्या चार टाचण्या खिशात ठेवूनच येतात. पाहुणे आले की झेंडा दाखवला जातो आणि शाळेची पोरे अशी सुटतात की पहिल्या दोनशे मीटरांत जिंकणारे सगळे मागे पडलेले असतात. पाचशे मीटरांनंतर तीच पोरे कमरेवर हात ठेवून रस्त्याच्या कडेला दिसतात. त्यांच्या मधून वाट काढत एकसारख्या पावलांनी येणारे सात-आठ जण पुढे सरकतात. खरी शर्यत तिथून पुढची.

या सात-आठ जणांत बाहेरून आलेले दोघे-तिघे असतातच. परभणी, बीड, नाशिक, कोल्हापूर, कुठूनही ते येतात. रात्रीच्या एसटीने उतरायचे, शाळेच्या ओसरीवर किंवा बसस्थानकावर पाठ टेकायची, सकाळी धावायचे आणि दुपारच्या गाडीने परतायचे. बक्षिसाच्या रकमेतून महिन्याचा खुराक आणि बूट निघतात. स्थानिक मुलांना त्यांचा राग येतो, कारण पहिली तीन बक्षिसे बाहेर जातात. पण त्यांच्या मागे पन्नास मीटरवर राहून दहा किलोमीटर काढलेला मुलगा जे शिकतो, ते वर्षभर चुन्याच्या रेघेवर एकट्याने पळून येत नाही. चढ कसा घ्यावा, पाणी कधी प्यावे, शेवटचा किलोमीटर कुठून वाढवावा, हे पुढच्याच्या पाठीकडे बघून कळते.

गावरस्त्यावरच्या शर्यतीत वेळ नोंदवणारी चिप नसते, म्हणून परत फिरायच्या जागी एक कार्यकर्ता उभा करतात. तो प्रत्येकाच्या मनगटात रबर बँड घालतो किंवा तळहातावर शाईचा शिक्का मारतो. घामाने शिक्का पुसतो, म्हणून मूठ मिटून धावणारे दिसतात. अंतिम रेषेवर क्रमांक लिहिलेले कार्ड हातात देतात आणि ते दाखवल्याशिवाय बक्षीस मिळत नाही. वाटेत पाणी देणारी शाळेची मुले पेले भरून उभी असतात, पण पळत्या माणसाच्या हातात पेला कसा द्यावा हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, आणि निम्मे पाणी छातीवर सांडते. म्हातारी माणसे पारावरून उठून उभी राहतात. शेवटून आलेल्यालाही टाळी मिळते. मोठ्या शहरांच्या शर्यतींत पैसे भरून न मिळणारी ही गोष्ट आहे.

अनवाणी धावणारा शेतकऱ्याचा मुलगा आणि रस्त्यावरची शर्यत यांचा संबंध या राज्यात शंभर वर्षांपेक्षा जुना आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष असताना दोराबजी टाटांनी १९१९ च्या सुमारास तिथल्या क्रीडास्पर्धा पाहिल्या. शेतात राबणारी, साधे अन्न खाऊन वाढलेली मुले लांब पल्ल्याच्या शर्यतीत अनवाणी धावत होती आणि त्यांचे धावणे कच्चे असूनही वेळा चकित करणाऱ्या होत्या. त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय संघ पाठवण्याची खटपट झाली. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. त्या वर्षीचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते, म्हणजे आजच्या मॅरेथॉनहून अर्धा किलोमीटर जास्त. भारतीय क्रीडेतिहासात हॉकीच्या आधी या धावेचे नाव यायला हवे आणि ते पुरेसे येत नाही.

अलीकडची उदाहरणे याच मातीतली आहेत. अविनाश साबळे येडशीच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. घरापासून शाळा सहा किलोमीटरवर होती आणि ते अंतर तो चालत-पळत जाई. पुढे सैन्यात गेल्यावर तो स्पर्धात्मक धावण्याकडे वळला. २०२० साली दिल्लीच्या अर्धमॅरेथॉनमध्ये त्याने १ तास ३० सेकंदांची राष्ट्रीय विक्रमी वेळ दिली, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचे रौप्य आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले. परभणीची ज्योती गवते २०१७ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. बारामतीजवळ राहणाऱ्या लता करे २०१४ साली साठी ओलांडलेल्या होत्या. नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवे होते, म्हणून त्या बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या गटात पहिल्या आल्या. त्यांच्यावर पुढे चित्रपट निघाला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केले. त्यांच्या धावण्याचे कौतुक खूप झाले, ते योग्यच. पण औषधपाण्यासाठी साठीतल्या बाईला शर्यत जिंकावी लागते ही गोष्ट कौतुकात बुडू नये. छोट्या गावच्या शर्यतीला येणाऱ्यांपैकी कितीतरी जण आजही बक्षिसाची रक्कम कशासाठी हवी हे आधीच ठरवून आलेले असतात.

म्हणूनच अंतर बरोबर असणे हा या शर्यतींतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. मोटारसायकलच्या मीटरवर मोजलेले दहा किलोमीटर नऊ किंवा साडेदहाही निघतात. अशा रस्त्यावर काढलेली वेळ मुलाला भरतीसाठी उपयोगी नाही आणि वरच्या स्पर्धेसाठीही नाही. अंतर मोजण्याची मान्य पद्धत सायकलची आहे. आधी पोलादी टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवून चाकाचे फेरे अंतराशी जुळवून घेतात, मग पुढच्या चाकाच्या आसाला बसवलेल्या जोन्स काउंटर नावाच्या छोट्या गणकाने सगळा मार्ग मोजतात. हा गणक १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तयार झाला. मोजताना वळणावर धावपटू घेईल तीच सर्वांत जवळची रेषा धरतात, कडेपासून तीस सेंटिमीटरवर. शिवाय मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून हजारात एक एवढे अंतर वाढवतात; पूर्ण मॅरेथॉनला ते ४२ मीटर होते. यातले काहीही खर्चाचे नाही. एक चांगली सायकल, एक टेप आणि रविवारची सकाळ एवढे पुरते. गणक नसेल तर चाकाला खडूची खूण करून फेरे मोजले तरी मोटारसायकलच्या मीटरपेक्षा उत्तर पुष्कळ जवळ येते.

येडशीहून बार्शीच्या दिशेला वळले की पठार संपते आणि घाट लागतो. रामलिंगचे महादेवाचे देऊळ या घाटातल्या दरीत आहे. जटायूची कथा या जागेशी जोडलेली आहे. श्रावणात इथे गर्दी होते, पाऊस चांगला असला तर देवळाजवळ धबधबा पडतो आणि वानरे पायरीपायरीवर बसलेली असतात. सभोवतीचा सुमारे २२ चौरस किलोमीटरचा पानझडी जंगलाचा पट्टा १९९७ पासून अभयारण्य आहे. मराठवाड्यात एवढी झाडी एका जागी फार थोड्या ठिकाणी दिसते. सपाटीवर सरावलेल्या पायांना हा चढ-उतार वेगळी शिकवण देतो. उतारावर वेग आपोआप येतो आणि मांडीचे पुढचे स्नायू ब्रेकसारखे राबतात; दुखणे त्या दिवशी कळत नाही, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळते. चढावर पाऊल लहान आणि हात जास्त चालवायचे. साताऱ्याची यवतेश्वर घाटातली अर्धमॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली आणि काही वर्षांतच राज्यभर गाजली ती तिथल्या चढामुळेच. रामलिंगचा घाट यवतेश्वराएवढा उंच नाही, पण सरावाला उत्तम आहे.

जंगलातून धावताना मात्र जंगलाचे नियम वरचढ. २०२४ च्या डिसेंबरात या अभयारण्यात वाघ कॅमेऱ्यात दिसला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत, शेतांतून आणि वस्त्यांच्या कडेने तो इथवर आला होता. या भागात कित्येक वर्षांत वाघ दिसलेला नव्हता. लांब पल्ला काय असतो हे त्याने माणसांना दाखवले असे म्हटले तरी चालेल. उजाडायच्या आधी आणि एकट्याने घाटात धावणे तेव्हापासून शहाणपणाचे राहिलेले नाही. वनखात्याच्या चौकीवर विचारून, ऊन पडल्यावर, दोघा-तिघांनी मिळून जावे आणि देवळाच्या रस्त्याच्या बाहेर पाऊल टाकू नये.

धावायला यायचे तर डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारीची अखेर हा काळ उत्तम. पठार समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच असल्याने पहाटे गारवा चांगला असतो. नऊनंतर ऊन कडक होते. पाणी बरोबर ठेवावे, कारण गावरस्त्यावर दोन वस्त्यांत बरेच अंतर पडते. वाटेतल्या शेतावर मागितले तर कोणी नाही म्हणत नाही.

आणि तालुक्याच्या गावी शर्यत भरवणाऱ्या मंडळींना एवढीच विनंती आहे. बॅनर छापण्याआधी मार्ग मोजून घ्या. ऊसवाहतूक दोन तास दुसऱ्या रस्त्याने वळवण्याबद्दल कारखान्याशी आणि पोलीस ठाण्याशी आधी बोला. मुलींचे अंतर आणि मुलींचे बक्षीस मुलांच्या बरोबरीचे ठेवा. झेंडा पाहुण्यांसाठी थांबवू नका, उन्हाच्या आत सोडा. आणि बक्षीस शर्यत संपल्यावर तासाभरात द्या. लांबून आलेल्या मुलांना दुपारची एसटी गाठायची असते.